कुत्रे कुंथते तेव्हा



मागच्या उन्हाळ्यातील गोष्ट. आमच्या बाभुळगावात शेजारच्या घरचा मोती सकाळपासून अंगणात गोल फिरून बसत होता, कुंथत होता आणि काही न होता उठत होता. घर शेतमजुराचे. खरिपात पऱ्हाटीची जागल करायला मोतीच सोबतीला असतो, म्हणून सगळे घर काळजीत. घरच्या बाईंनी लेकरांना देतो तशा मनुका भिजवून आणल्या होत्या. मी वाटी बाजूला ठेवायला लावली. द्राक्षे आणि मनुका कुत्र्याला विषासारख्या ठरू शकतात, मूत्रपिंड निकामी होते. पण हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

खरे तर मला आमच्या राजाची आठवण झाली होती. काही वर्षांपूर्वी तोही असाच दोन दिवस कुंथत होता. पोट साफ होत नाही असे समजून मी त्याला एरंडेल पाजले. तिसऱ्या दिवशी ढोरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पोट चाचपले आणि सांगितले, अडचण शौचाची नाही, लघवीची आहे. खड्याने वाट अडली होती. राजा वाचला नाही. चूक माझीच होती.

म्हणून औषध शोधण्याआधी नीट पाहा. लघवीची धार येते का? येत नसेल, थेंबथेंब येत असेल तर एक दिवससुद्धा थांबू नका. थोडे-थोडे पातळ होत असेल तर ती हगवण आहे, तेव्हाही कुत्रे कुंथते. खरे बद्धकोष्ठ असेल तर शौच कोरडे, कडक, खड्यासारखे पडते, किंवा दोन दिवस पडतच नाही. बसताना कुत्रे विव्हळते, खाणे टाकते.

आपल्याकडे याची कारणे दोनच मोठी. एक उन्हाळा. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि बांधलेल्या कुत्र्याच्या भांड्यातले पाणी दुपारपर्यंत आटते. दुसरे कारण रविवारचे मटण. उरलेली हाडे आपण प्रेमाने कुत्र्यापुढे टाकतो. ती पोटात चुऱ्यासारखी जमून खडूसारखी घट्ट होतात. शिजलेल्या हाडाची टोके आतडे फाडूही शकतात. म्हाताऱ्या नर कुत्र्यात प्रोस्टेट ग्रंथी वाढून वाट दबते, आणि गाडीखाली येऊन कंबरेचे हाड मोडलेल्या कुत्र्यालाही हा त्रास राहतो. तिथे घरगुती उपाय चालत नाहीत.

त्रास साधा असेल, कुत्रे खात-पीत असेल, तर भरपूर पाणी द्या, भाकर पाण्यात कुस्करून द्या. लाल भोपळा, ज्याला आपण कोहळं म्हणतो, तो मीठ-तिखट न घालता उकडून दोन-तीन चमचे जेवणात कालवा. सकाळ-संध्याकाळ मोकळे फिरवा. मध्यम कुत्र्याला छोटा चमचाभर इसबगोल चालते, पण भरपूर पाण्यात भिजवूनच. कोरडे दिले तर उलट आत घट्ट बसते. माणसांची जुलाबाची गोळी देऊ नका. पानाचा देठ, साबणाची कांडी किंवा दुकानातला एनिमा स्वतः घालू नका. बाहेर दोरा किंवा चिंधी लोंबत असेल तर ओढू नका, आतडे कापते.

दोन दिवस उलटले, उलटी झाली, पोट फुगले किंवा रक्त दिसले तर दवाखाना गाठा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक फुकट लागतो.

आणखी एक. जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, गिळता येत नाही, असे दिसले की घशात हाड अडकले असे वाटते. पण ते पिसाळल्याचे लक्षण असू शकते. तोंडात हात मुळीच घालू नका. दात किंवा लाळ लागलीच तर जखम साबणाने १५ मिनिटे वाहत्या पाण्यात धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या.

मोतीचे पोट डॉक्टरांनी कोमट पाण्याच्या एनिम्याने मोकळे केले. पांढरा हाडांचा चुरा पडला. आता ते घर हाडे खड्ड्यात पुरते. मोती दर रविवारी तो खड्डा उकरायला जातो, म्हणून वर पाटा ठेवावा लागतो.