ब्युरोची बाई ठेवण्यापूर्वी

घरातले माणूस अंथरुणाला खिळले की पूर्वी सून, लेक, शेजारीण आळीपाळीने उशाशी बसत. आज नवरा-बायको दोघेही पहाटे कामाला निघतात. मग लकवा झालेल्या वडिलांजवळ कोण? ब्युरोला फोन जातो आणि दुसऱ्या दिवशी एक बाई पिशवी घेऊन दारात उभी राहते. ती कोण, काय शिकलेली, हे विचारण्याचे भान त्या गडबडीत राहत नाही. म्हणून वाचक बंधू-भगिनींसाठी आम्ही चार गोष्टी मांडत आहोत.

पहिली गोष्ट कागदाची. दुकाने व आस्थापना कायद्याखालचा कागद ब्युरो चालू आहे एवढेच सांगतो. सेवा चांगली असल्याची ती हमी नव्हे. तेव्हा कामाचे तास, पैसे, सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार, बाई मध्येच सोडून गेली तर आगाऊ भरलेली रक्कम परत मिळणार की नाही, हे सारे लेखी घ्यावे. प्रत्येक पैशाची पावती घ्यावी. ओळखपत्राची प्रत व पोलीस पडताळणी मागावी. जो ब्युरो टाळाटाळ करील, त्याला नमस्कार करावा.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. पांढरा कोट घातला म्हणजे नर्स होत नाही. ए.एन.एम.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जी.एन.एम.चा तीन वर्षांचा, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. तो क्रमांक विचारावा. आयाबाईने अंघोळ घालावी, भरवावे, कूस बदलावी. इंजेक्शन देणे किंवा लघवीची नळी घालणे हे तिचे काम नव्हे. नर्सचे पैसे घेऊन आया पाठवणारे ब्युरो आहेत, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष कामाची. झोपून असलेल्या रोग्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, कुल्ले व टाचा रोज स्वतः पाहा. दाबल्यावरही न जाणारी लाली दिसली तर ती जखमेची सुरुवात समजा आणि डॉक्टरांना दाखवा. भरवताना रोग्याला बसते केले जाते का, तेही पाहा. आडव्या माणसाला भरवल्यास ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाते. औषध, जेवण, लघवी, शौच यांची वेळ वहीत लिहून घ्या. कधी न सांगता लवकर घरी या. आणि मुख्य म्हणजे रोग्यालाच एकांतात विचारा.

चौथी गोष्ट आपण सहसा विचारत नाही. आपण दिलेल्या पैशांतून बाईच्या हाती किती पडते? समजा, ब्युरोने महिन्याला २१ हजार घेतले आणि बाईला १४ हजार दिले, तर तिसरा हिस्सा ब्युरोच्या खिशात गेला. तशी बाई दुसरीकडे हजार जास्त मिळताच जाणार, आणि रोग्याला दर पंधरा दिवसांनी नवा चेहरा दिसणार. ‘२४ तासांची बाई’ म्हणजे यंत्र नव्हे. रात्री चारदा उठणारीला दिवसा झोप न मिळाल्यास औषधाची चूक होणारच. या कामावर जाणाऱ्या कितीतरी जणी आपल्याच वस्तीतल्या मायबहिणी आहेत. त्यांना ताटात गरम जेवण, झोपायला जागा आणि आठवड्याची सुट्टी मिळाली, तरच आपल्या म्हाताऱ्यांची सेवा नीट होईल.

फसवणूक झाली तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी लागत नाही. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

शेवटी एक सूचना. प्रत्येक वस्तीच्या महिला मंडळाने विहारात एक वही ठेवावी. कोणत्या ब्युरोने किती पैसे घेतले, कशी बाई पाठवली, बदली वेळेवर दिली का, हे ज्याने त्याने त्यात लिहावे. कामावर जाणाऱ्या बायांनीही कोणता ब्युरो पगार थकवतो ते लिहावे. दोन्ही बाजूंची नोंद एकाच वहीत आली, की ब्युरोची खरी पारख होईल.