मोटारीतील ध्वनिवर्धकाची तार

आमच्या चिरंजीवांनी मोटारीत ५०० वाटांचा ध्वनिवर्धक बसविण्याचे योजिले व घरी पडून असलेली ६ चौरस मिलिमीटरची तार पुढे केली. “अण्णा, एवढी जाड पुरे की!” घरच्या विजेस ती जाड खरी; परंतु मोटारीचा दाब अवघा १२ व्होल्ट, म्हणून पूर्ण आवाजात प्रवाह सुमारे ८० अँपिअरपर्यंत चढतो. बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या ५ मीटरांत एक व्होल्टाहून अधिक दाब गळून सुमारे ९० वाटांची उष्णता गालिच्याखाली साठेल. तांब्याचीच २१ चौरस मिलिमीटरची, अर्थात् ४ गेजची, तार घेतल्यास गळती तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड, हे विलक्षणच!) फ्यूज बॅटरीपासून दोन वितींच्या आत हवा, तो ध्वनिवर्धकाचा नव्हे, तारेचा रक्षक होय. चिरंजीवांनी जुनी तार मुकाट्याने गुंडाळली.