आयत्या वेळचा विषय

‘ज्याची जशी लायकी, तशी त्याची कमाई.’ नवीन पनवेलात हे वाक्य कट्ट्यावर, लोकलमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सगळीकडे ऐकू येतं. बोलणाऱ्याचा पगार बहुधा चांगला असतो.

ज्या जमिनीवर उभं राहून आपण हे बोलतो, तिचाच हिशेब काढू. १९७० साली नवं शहर वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं. पनवेल, उरण, ठाणे पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी त्यासाठी घ्यायचं ठरलं. घेताना भाव भातखाचराचा, विकताना शहराचा. माती तीच. बदलला तो नकाशावरचा रंग, आणि तो भरायचा अधिकार शेतकऱ्याकडे नव्हता.

यावर उत्तर ठरलेलं: रस्ते, पाणी, गटारं सिडकोनं केली, भाव त्यांचा. अर्धं कबूल. पण जानेवारी १९८४मध्ये जासई-दास्तान भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकरी आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. नवी मुंबई विमानतळाच्या वेळी तोच आकडा साडेबावीस झाला. या काळात शेतकऱ्याची लायकी वाढली, की जमिनीचा कस? वाढली ती त्याची ताकद. आणि ती त्याला कुणी बहाल केली नव्हती, लढून मिळाली होती. त्याआधीही याच रायगड जिल्ह्यात चरी गावच्या कुळांनी संप करून १९३३पासून सहा वर्षं खोतांची शेतं कसली नाहीत. नांगर न धरता पिकाचा वाटा नेणाऱ्या खोताची लायकी तेव्हा कुणी तपासली होती?

आता आपल्या गेटवरचे वॉचमनकाका बघा. बारा तासांची ड्यूटी, सुट्टी घेतली की खाडा. आपण पैसे देतो एजन्सीला. ती आपला वाटा कापते, उरेल ते काकांचं. दर ठरवायला कमिटी बसते, एजन्सीवाला बसतो. काका तेव्हा बाहेर गाड्यांचे नंबर लिहीत असतात. ‘शिकले असते तर?’ तर ते दुसरीकडे गेले असते, इथे दुसरं कुणी उभं राहिलं असतं आणि दर हाच राहिला असता. शिक्षणानं माणूस खुर्ची बदलतो, खुर्चीचा भाव नाही.

आमच्या वार्षिक सभेत काकांच्या पगाराचा विषय शेवटी, ‘आयत्या वेळच्या विषयांत’ येतो. तोवर निम्मे सभासद वडापाव खाऊन घरी गेलेले असतात. यंदा तो पहिला घ्या, आणि काकांना आत खुर्ची द्या.