घरची बोली, घरचे बियाणे



भंडारदऱ्याकडे माझी नवी नेमणूक झाली तेव्हाची गोष्ट. एका वाडीत कारळ्याच्या लागवडीवर मी अर्धा तास बोललो. बियाणे, अंतर, काढणी, सारे सांगितले. शेवटी एक आजीबाई म्हणाल्या, "सायेब, कारळ्याचं झालं. आता आमच्या खुरासणीचं सांगा." कारळे म्हणजेच खुरासणी! सभा हसली, मीही हसलो. पदवी माझ्याकडे होती, पण शब्द आजींकडे होता.

पुढे दिवाळीत आजींच्या घरी गेलो. नातू शाळेतून सुट्टीला आलेला. आजी काही सांगू लागल्या, तर तो म्हणाला, "आजी, असं नको बोलू. शाळेत हसतात." आजी गप्प झाल्या. करप्याने गेलेले खाचर पुढच्या साली पुन्हा पिकते. पण आजी गप्प झाल्या, तर पुढच्या साली काय करायचे?

राबाला कोणता पाला घ्यावा, आवण केव्हा काढावे, काळभात कोणत्या खाचरात साधतो, हे इथल्या महादेव कोळी आणि ठाकर घरांत बोलीतूनच नातवंडांपर्यंत जाते. शब्द गेला की त्याला चिकटलेला अनुभवही जातो.

आपल्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० सालच्या पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. बियाण्याचा नियम आपणा सर्वांना ठाऊक आहे. डब्यात वर्षानुवर्षे ठेवले तर त्याची उगवण जाते. ते दरसाल थोडे तरी पेरावे लागते. बोलीचेही तसेच. ती नुसती वहीत जगत नाही, पोरांच्या तोंडी जगते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने हे ओळखले. २०१९ साली तिने मुलांसाठी गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मान्यतेसाठी झगडावे लागले, तरी गाव मागे हटले नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक होते. एवढ्या मोठ्या भाषेला काळजी वाटते, तर आपल्या डोंगरातल्या लहान बोलींचे काय?

कोणी म्हणेल, "बोलीत राहिला तर पोरगा मागे पडेल." तसे नाही. पुस्तकी मराठी हवी, इंग्रजीही हवी. पण नागली पेरली म्हणून आपण भात सोडतो का? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे.

तेव्हा एवढे करा. घरात मुलांशी बोलीतच बोला, हसू नका आणि कोणाला हसू देऊ नका. आवणीला मुलांना बांधावर न्या आणि प्रत्येक गोष्टीचे घरचे नाव सांगा. रात्री आजी-आजोबांकडून एखादी गोष्ट, एखादा उखाणा ऐकू द्या. मुलांनी तो वहीत उतरवावा. गुरुजींना विनंती, आठवड्यातून एकदा ती वही वर्गात वाचून घ्या.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. त्या वाडीच्या नोंदवहीत आता मी पिकाचे नाव खुरासणी असेच लिहितो. मागल्या खेपेला आजींच्या नातवाने ते वाचले आणि विचारले, "साहेब, हा शब्द लिहिला तर चालतो?"

चालतो, बाळा. आता तूच लिही.