शब्द पाठ नकोत, कामाला लावा

झाशीला बदली होऊन आता वर्ष होत आलं. छावणीतल्या मराठी घरांमधून एक तक्रार सारखी कानावर येते. मुलं धड मराठी बोलत नाहीत, धड हिंदी नाही, आणि इंग्रजी तर शाळेपुरतंच. मग आईवडील उपाय काढतात: रोज दहा शब्द पाठ कर. माझं स्पष्ट मत आहे, पाठांतराने बोलणं येत नाही.

फौज शब्द कसे शिकवते ते बघा. वायरलेसवर नीट ऐकू आलं नाही, तर आपण 'रिपीट' म्हणत नाही, 'से अगेन' म्हणतो. कारण तोफखान्याच्या भाषेत 'रिपीट' म्हणजे तोच मारा पुन्हा करा! चुकीच्या शब्दाची किंमत एकदा कळली की बरोबर शब्द जन्मभर लक्षात राहतो. रिक्रूटला मैदानाच्या टोकाला उभं करून मोठ्याने हुकूम द्यायला लावतात. आधी आवाज फाटतो, महिन्याभरात खणखणीत होतो. शब्दाला काम मिळालं, म्हणून तो टिकला.

मुलांनाही तेच हवं. इथल्या किल्ल्यावर न्या. तट, बुरुज, खंदक, वेढा, दिंडी दरवाजा असे पाचच शब्द द्या आणि 'कडक बिजली' तोफेजवळ उभं राहून १८५८ चा वेढा त्यांच्याच तोंडून सांगायला लावा. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेढ्यात या शहरातच अडकले होते. चार पैसे मिळवायला उत्तरेत आलेला हा भिक्षुक घरी परतला आणि जे पाहिलं ते लिहून गेला. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ साली छापलं गेलं. मोठ्या मुलांना त्यातलं एखादं पान मोठ्याने वाचायला द्या.

आणि एक पथ्य पाळा: हसू नका. पोर 'माझा पुस्तक' म्हणालं, तर पाहुण्यांसमोर त्याची नक्कल करू नका. 'हो, तुझं पुस्तक टेबलावर आहे,' एवढंच म्हणा. चूक आपोआप सुधारते. हसण्याने मात्र तोंडच बंद होतं.

हा केवळ मराठीच्या अभिमानाचा प्रश्न नाही. एसएसबीत उमेदवाराला विषय निवडून तीन मिनिटं तयारी करायची आणि तीन मिनिटं बोलायचं असतं. मराठी मुलं अधिकारी व्हावीत म्हणून महाराष्ट्राने १९७७ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. पण घरात सोळा वर्षं 'गप्प बस' ऐकलेला मुलगा तिथे एकदम कसा बोलणार? आपल्या भाषेत सरळ, पूर्ण वाक्य बोलायची सवय असेल, तर तो दुसऱ्या भाषेतही उभा राहतो.

निवृत्त मंडळींना खास विनंती. तुमच्याकडे गोष्टी आहेत आणि वेळही आहे. नातवंडांना रोज एक पोस्टिंग सांगा. आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट त्यांच्याकडून ऐका.

जय हिंद!