काहिलीचा ताव आणि रक्ताचे खाते

कसबा बावड्याच्या गुऱ्हाळात काहिलीतला पाक उतरविण्याजोगा झाला की नाही, हे गुळव्या त्याचा थेंब गार पाण्यात सोडून ताडतो. परंतु यकृतातील अर्बुद सुईवाटे सोडलेल्या विद्युत्‌लहरींनी जाळणाऱ्या वैद्यास ती सोय नसल्याने उष्णतेचा जमाखर्च संगणकावर आगाऊ मांडावा लागतो. या जमाखर्चासाठी वापरल्या जाणाऱ्या हॅरी पेनेस यांच्या १९४८ च्या समीकरणात रक्ताशी होणाऱ्या उष्णतेच्या देवघेवीला स्वतंत्र खाते आहे, आणि आमच्या मते सारी मेख तिथेच: ६० अंशांपुढे पेशी जवळजवळ तत्काळ मरतात, १०० च्या पुढे ऊती करपून विजेचा प्रवाहच अडवितात, पण शेजारून मोठी रक्तवाहिनी वाहत असेल, तर पंचगंगेत बुडविलेल्या काहिलीच्या कडेप्रमाणे तो काठ गार राहून रोगाची बाकी उरते. या अंकातील मुख्य लेख त्या बाकीचीच झडती घेतो.