नाणे हाती, इतिहासाची माती

मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात असीरगडाच्या परिसरात एक विलक्षण दृश्य देशाने पाहिले. ‘छावा’ हा चित्रपट नुकताच प्रदर्शित झाला होता. गडाजवळच्या शेतांत मोगलकालीन सोन्याची नाणी पुरलेली आहेत, अशी वदंता उठली आणि अंधार पडताच गावकऱ्यांचे जथे विजेऱ्या, कुदळी आणि धातुशोधक यंत्रे घेऊन शेतात उतरले. या प्रकाराची वृत्तवाहिन्यांनी करमणूक केली आणि अडाण्यांची हाव म्हणून सुशिक्षितांनी तो हसण्यावारी नेला.

हसणाऱ्यांनी क्षणभर अंतर्मुख व्हावे. धातुशोधक यंत्र आज घरबसल्या मागवता येते. चार मित्र जमतात, शनिवारी गडाची वाट धरतात, तबकडी जमिनीवर फिरवतात आणि यंत्र वाजले की खुरप्याने वीतभर माती उकरतात. हाती शिवराई लागली की ‘जय भवानी’चा घोष होतो, छायाचित्रे निघतात आणि ते नाणे खिशात घरी येते. असीरगडच्या शेतकऱ्याने केली तर ती हाव आणि पदवीधराने केला तर तो छंद, हा न्याय कुठला?

या छंदात मोह आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे मिरवणारा तांब्याचा तुकडा तळहातावर आला की कोणत्याही मराठी माणसाचे मन भरून येईल. परंतु श्रद्धेने भारावलेल्या हातांनी केलेली हानी ही हानीच असते. नाण्याचे खरे मोल त्याच्या धातूत नसते. ते कुठे, किती खोल, कोणत्या थरात आणि कशाच्या सोबतीने सापडले, यात ते असते. ज्या क्षणी ते मातीतून उपटले जाते, त्या क्षणी त्याची साक्ष कायमची बंद होते. पान फाडून त्यावरचे एक सुबक अक्षर कापून घेणाऱ्यास ग्रंथप्रेमी म्हणत नाहीत.

महाराष्ट्राला याचे महत्त्व पटवण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी! ती क्षहरात क्षत्रप नहपानाची होती. आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकलेला होता. क्षहरातांचे निर्मूलन केल्याचा जो अभिमानपूर्ण उल्लेख नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात आहे, त्याला या साठ्याने धातूची साक्ष दिली. परकीय सत्ताधीशाचे चलन हाती घेऊन त्यावर आपली मुद्रा उमटवणारा विजेता त्यातून इतिहासासमोर उभा राहिला. आता कल्पना करावी, की हा साठा यंत्र घेऊन हिंडणाऱ्या एखाद्या टोळक्याच्या हाती लागला असता आणि ती तेरा हजार नाणी सुटी सुटी होऊन तेरा हजार कपाटांत गेली असती. नाणी उरली असती. सातवाहनांच्या विजयाचा पुरावा मात्र उरला नसता.

दुसरे उदाहरण भरतपूर संस्थानातील बयाना येथील. १९४६ साली तेथे गुप्तकालीन सुवर्णनाण्यांनी भरलेले भांडे निघाले. अधिकाऱ्यांपर्यंत वार्ता पोहोचण्यापूर्वीच त्यांतील काही नाणी वितळवली गेली. वाचलेल्या १,८२१ नाण्यांची साक्षेपी सूची महाराष्ट्राचे सुपुत्र डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी सिद्ध केली. त्या साठ्यात द्वितीय चंद्रगुप्ताचे ‘चक्रविक्रम’ प्रकारचे एकमेव नाणे होते. ते मुशीत गेले असते तर तो प्रकार अस्तित्वात होता, हेही कोणास कळले नसते. जी नाणी मुशीत गेली, त्यांत काय होते, हे आता कोण सांगणार?

शिवकालाविषयी तर हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा आहे. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी रायगड जळाला. दप्तरे गेली, वाडे गेले. कागद जळाल्यावर उरते ती माती, आणि तीच आता बखर आहे. अलीकडच्या वर्षांत रायगडावर शास्त्रशुद्ध उत्खनन सुरू झाल्यावर २०२१ मध्ये सोन्याची बांगडी मिळाली आणि २०२५ मध्ये खगोलीय निरीक्षणाचा ‘यंत्रराज’ हाती आला. ही वस्तू कोणा हौशी माणसाने उपटून पिशवीत घातली असती, तर पितळेचा एक चमत्कारिक तुकडा म्हणून ती जुन्या बाजारात पोहोचली असती. ती राजधानीत मिळाली, हे सिद्ध झाले म्हणूनच ती इतिहासाचे साधन ठरली.

या छंदाच्या समर्थकांचा एक आवडता युक्तिवाद आहे : ‘इंग्लंडमध्ये हे राजरोस चालते, मग येथेच का नको?’ अनुकरण करायचे तर ते पुरते करावे. इंग्लंडमध्ये संरक्षित स्मारकावर परवानगीवाचून धातुशोधक फिरवणे हा गुन्हा आहे. शेतात शोध घ्यायचा तर मालकाची अनुमती लागते. १९९६ च्या कायद्याने निधी सापडल्याची वर्दी देणे बंधनकारक आहे, आणि १९९७ पासून चालू असलेल्या नोंदणी योजनेत पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची स्थळासह नोंद झालेली आहे. तरीही घात होतोच. २०१५ साली हेरफर्डशायर परगण्यात दोघा शोधकांना व्हायकिंग काळातील साठा मिळाला आणि त्यांनी तो दडवला. सुमारे तीनशे नाण्यांपैकी जेमतेम तीस हाती लागली. त्यांतील काही नाण्यांवर आल्फ्रेड आणि सिओलवुल्फ हे दोन राजे शेजारी शेजारी बसलेले दिसतात. म्हणजे ज्यास इतिहासाने दुय्यम ठरवले होते, तो राजा बरोबरीचा मित्र होता. उरलेली नाणी आणखी काय सांगत होती, हे जगाला कळू शकले नाही. २०१९ मध्ये न्यायालयाने दोघांना प्रदीर्घ कारावास ठोठावला. यंत्राचे अनुकरण करणाऱ्यांनी या शिक्षेचेही अनुकरण मागावे!

दुसरा युक्तिवाद असा, की ‘मातीत कुजण्यापेक्षा आमच्या घरी पूजेत राहिलेले बरे.’ तीनशे वर्षे मातीने जे सांभाळले, ते एका पिढीच्या कपाटात सुरक्षित राहते, हा भ्रम आहे. आजोबांच्या संग्रहाची नातवाला ओढ नसते. मग ते नाणे मोडीत किंवा दलालाच्या गल्ल्यात जाते. शिवाय या मागणीवरच बनावट शिवराई आणि बनावट होन यांचा बाजार पोसला जातो. ‘गडावर सापडले’ या तोंडी हवाल्यावर खरे आणि खोटे एकाच भावाने विकले जाते.

तिसरा युक्तिवाद मात्र खरा आहे आणि त्याचे उत्तर शासनाने द्यावयाचे आहे. प्रामाणिक माणसाच्या पदरी काय पडते? आजही या देशात इंग्रजांनी केलेला १८७८ चा निखात निधी कायदा चालतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. न कळवल्यास कारावासही होऊ शकतो. सरकारने निधी घ्यायचा ठरवला, तर धातूची किंमत आणि तिचा एकपंचमांश एवढीच भरपाई! शिवछत्रपतींच्या मुद्रेचे मोल तांब्याच्या भावाने करणारा हा कायदा स्वराज्यातील नव्हे, वखारवाल्यांचा आहे. नांगराच्या फाळाला हंडा लागलेला शेतकरी पंचनामा, जबाब आणि हेलपाटे यांच्या धास्तीने सोनाराकडे जातो, याचा दोष केवळ त्याचा नाही. ऐतिहासिक मोलानुसार पारितोषिक आणि तालुका पातळीवर नोंद घेणारा जाणकार अधिकारी, एवढी व्यवस्था शासनाने उभी केली तर अर्धी चोरी आपोआप थांबेल.

परंतु शासनाच्या ढिलाईचे निमित्त करून गड उकरण्याचा अधिकार कोणास प्राप्त होत नाही. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, प्रतापगडासह बारा दुर्गांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. गावोगावी पेढे वाटले गेले. मात्र सह्याद्रीतील कितीतरी गड ना केंद्राच्या संरक्षित यादीत आहेत, ना राज्याच्या. तेथे पहारेकरी नाही, फलक नाही. तेथे पहारा आहे तो केवळ समाजाच्या सद्सद्विवेकाचा.

हा पहारा कडवा झाला पाहिजे. गडावर यंत्र दिसले तर पोलिसांना आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. नाणे उघड्यावर दिसलेच, तर आजूबाजूची माती न हलवता जागेचे छायाचित्र घ्यावे आणि विभागाला वर्दी द्यावी. ‘गडावरची’ शिवराई कोणी विकावयास आणली, तर ती घेऊ नये. कारण ग्राहक आहे म्हणूनच चोर आहे. शाळांच्या सहलींत मुलांना हे शिकवावे. खणण्याची ज्यांना खरोखर ओढ आहे, त्यांनी पुरातत्त्वशास्त्राचे रीतसर शिक्षण घेऊन ब्रश आणि मोजपट्टी हाती धरावी.

रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, अशी सक्त ताकीद आपल्या सैन्याला देणाऱ्या राजाचे हे गड आहेत. त्याच्या राजधानीच्या मातीला चोरून हात घालणाऱ्याने स्वतःस मावळा म्हणवून घेऊ नये.